ध्वनीने मोजलेला तळ आणि जालन्याचे पाणी

जलाच्छादित तळाचा अभ्यास ध्वनिशास्त्रामुळे सुकर झाला, हे निर्विवाद होय. १९२५ ते १९२७ या काळात ‘मेटिओर’ या जर्मन जहाजाने प्रतिध्वनीच्या साहाय्याने दक्षिण अटलांटिक महासागराची खोली मोजली आणि तेथील तळाची विषमता प्रत्ययास आणून दिली. ह्या यशामुळे सोनारने दिलेला आकडा म्हणजेच तळ, अशी समजूत मात्र दृढ झाली. ही समजूत तपासून पाहण्यास समुद्रापासून दूर असलेल्या जालना जिल्ह्याचे उदाहरण उपयोगी ठरेल.

पैठणजवळील जायकवाडी जलाशयाच्या डाव्या कालव्यावर जालना जिल्ह्यातील काही शेती अवलंबून असून जालना शहरासही तेथून पाणी मिळते. ह्या जलाशयाचा मूळ उपयुक्त साठा २१७१ दशलक्ष घनमीटर धरण्यात आला होता. गोदावरीच्या गाळाने तो किती घटला, हे ठरविण्यासाठी तळ पुनःपुन्हा मोजणे अवश्य असते.

ध्वनी तळापर्यंत जाऊन परत येण्यास लागणारा निम्मा वेळ गुणिले ध्वनीचा वेग म्हणजे खोली. परंतु गोड्या पाण्यात हा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदास सुमारे १४८२ मीटर, तर ३० अंशांस सुमारे १५०९ मीटर असतो. तपमानाची दखल न घेतल्यास १० मीटर खोलीत सुमारे १८ सेंटिमीटरची चूक संभवते. सुमारे ३५० चौरस किलोमीटर जलविस्तारात सरासरी १० सेंटिमीटरची चूकही ३५ दशलक्ष घनमीटर, म्हणजे एक अब्ज घनफुटांहून अधिक होते.

दुसरा प्रश्न अधिक मूलगामी आहे. २०० किलोहर्ट्‌झचा ध्वनी मऊ गाळाच्या पृष्ठावरून परततो. ३० किलोहर्ट्‌झच्या आसपासचा ध्वनी त्यात शिरून खालच्या घट्ट थरावरून परततो. काळ्या मातीच्या प्रदेशातील सूक्ष्म गाळात ह्यांपैकी तळ कोणता मानावयाचा, याचे उत्तर यंत्र देत नाही. ते अभ्यासकाच्या व्याख्येवर अवलंबून असते. उथळ काठाशी नाव पोहोचत नाही. तेथे उपग्रहचित्रे साहाय्यभूत होतात. पण सर्वांत खालच्या जलपातळीच्या तळाशी काय आहे, हे त्यांना दिसत नाही. म्हणून ह्या दोन पद्धती परस्परपूरक होत, पर्यायी नव्हेत.

हा विवेक केवळ शास्त्रीय नाही. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ साली वरच्या धरणांतून पाणी सोडण्याच्या निर्णयासाठी जायकवाडीच्या उपयुक्त साठ्याचे ६५ टक्के हे परिमाण ठरविले. मूळ क्षमतेनुसार ते सुमारे १४११ दशलक्ष घनमीटर होते. क्षमता एकदशांशाने घटली असे गृहीत धरले, तर त्याच ६५ टक्क्यांत सुमारे १२७० दशलक्ष घनमीटरच पाणी उरेल. अंश व छेद दोन्ही घटल्याने टक्केवारी स्थिर दिसते आणि १४१ दशलक्ष घनमीटरांची तूट तिच्याआड झाकली जाते. उलट जुनेच कोष्टक चालू ठेवले, तर कागदावर असलेले पाणी जलाशयात नसते. दोन्ही प्रकारांत झळ कालव्याच्या लाभक्षेत्रास पोहोचते.

तेव्हा सोनारच्या नकाशासोबत ध्वनिवेगाची दुरुस्ती, वापरलेली कंप्रता आणि न मोजलेले क्षेत्र यांचा स्पष्ट निर्देश हवा. त्यावाचून तो नकाशा पुरावा म्हणून अपुरा होय.