पुलाची नित्यपूजा

वडोदरा जिल्ह्यातील पादरा तालुक्यास आणंद जिल्ह्याशी जोडणारा, मही नदीवरील गंभीरा पूल 1985 साली बांधला गेला. 9 जुलै 2025 रोजी सकाळी त्याचा एक गाळा कोसळला, वाहने नदीत पडली आणि किमान 20 जीव गेले. पुलाचे वय अवघे चाळीस होते.

जुने ते ठिसूळ, असे म्हणावे तर दाखले उलटे मिळतात. पणजी-रायबंदर मार्गावरील, 1630 च्या दशकात पोर्तुगीजांनी बांधलेला दगडी सेतू अद्याप वापरात आहे. त्याच पणजीत मांडवीवर स्वातंत्र्योत्तर काळात झालेला पूल मात्र 1986 साली कोसळला. वेल्स देशात पाँटिप्रीद येथे विल्यम एडवर्ड्स याने 1756 साली पुरी केलेली 140 फुटांची दगडी कमान आजही उभी आहे. आधीचे प्रयत्न फसल्यावर त्याने कमानीच्या दोन्ही खांद्यांत तीन-तीन गोल पोकळ्या ठेवून ओझे हलके केले. तिचा चढ गाड्यांना जड जाई, म्हणून 1857 मध्ये शेजारी दुसरा पूल झाला. जुना पाडला नाही. आज तो संरक्षित स्मारक आहे आणि त्यावरून माणसे पायी जातात.

आपल्या 1958 च्या कायद्यानुसार वास्तू 'प्राचीन स्मारक' ठरण्यास किमान शंभर वर्षे जावी लागतात. कायद्याला कोठेतरी रेघ ओढावीच लागते. तिच्याशी आमचे भांडण नाही. आमचा आक्षेप आहे तो, शंभरी भरेपर्यंत वास्तूची आस्था बाळगण्याचे कारण नाही, या आपल्या समजुतीला. तिला शंभरीपर्यंत पोहोचवावयाचे कोणी?

देवालयाचा व्यवहार वाचकांस ठाऊक आहे. नित्यपूजा प्राणप्रतिष्ठेपासूनच सुरू होते. मूर्ती पुरातन होण्याची वाट पाहत कोणी दिवा लावावयाचा थांबत नाही. शिखरास तडा दिसला की विश्वस्तांस जाब विचारला जातो. पूलही लोकांच्याच द्रव्यातून उभा राहतो. मग त्याची शेवटची तपासणी केव्हा झाली, दोष कोणते निघाले, दुरुस्ती कोणी केली, हे पुलाच्या तोंडाशीच फलकावर का लिहिले जाऊ नये? मंदिराचा जमाखर्च आपण मागतो. ज्या वाटेवर आपली मुलेबाळे रोज नदी ओलांडतात, तिचा हिशेब मागण्यास संकोच कसला?