विंडोज ८ : एका संकेतलोपाची मीमांसा

मायक्रोसॉफ्टने २६ ऑक्टोबर २०१२ रोजी विंडोज ८ ही वैयक्तिक संगणकाची कार्यप्रणाली विक्रीस आणली. तिच्यावर जी टीका झाली, तिचा रोख बव्हंशी एका लहानशा गोष्टीवर होता. पडद्याच्या डाव्या तळकोपऱ्यातील ‘स्टार्ट’ बटण नाहीसे झाले होते. विंडोज ९५ पासून सतरा वर्षे ते त्याच जागी होते. एवढ्याशा चिन्हाच्या लोपाने वापरणारे इतके का बिथरावेत, हा प्रश्न तंत्रज्ञांइतकाच भाषाभ्यासकांच्याही विचाराचा आहे. कारण कार्यप्रणालीचा दर्शनी भाग ही एक चिन्हव्यवस्थाच होय. आणि तिचे प्रामाण्य, भाषेच्या प्रामाण्याप्रमाणेच, वापरणाऱ्यांच्या रूढीवर अधिष्ठित असते.

ही प्रणाली गुणहीन होती असे मात्र म्हणता येणार नाही. संगणक बंद करताना प्रणालीच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जतन केली जात असल्याने तो पूर्वीपेक्षा लवकर सुरू होई. अनेक फायलींच्या नकला एकाच चौकटीत पाहता येत व मध्येच थांबवता येत. विषाणूप्रतिबंधक व्यवस्था मुळातच अंतर्भूत होती. ‘लाइव्ह टाइल्स’ ह्या सपाट, रंगीत चौकटींवर ताजी माहिती आपोआप उमटे. त्यांच्या मांडणीवर स्विस मुद्रणशैलीचा आणि सार्वजनिक वाहतुकीच्या फलकांचा संस्कार होता. टॅब्लेट आणि मेजावरचा संगणक ह्या दोहोंसाठी एकच प्रणाली असावी, हा हेतूही २०१० मध्ये आयपॅड आल्यानंतरच्या काळाला धरून होता.

दोष निराळ्या ठिकाणी होता. स्टार्ट बटण काढून त्याच्या जागी कोणतेही दृश्य चिन्ह ठेवले गेले नाही. माऊसचा बाण कोपऱ्यात नेला की मूळ पडदा येई. उजव्या कडेला दडलेल्या पट्टीतून ‘सेटिंग्ज’मध्ये शिरावे, तेव्हा कोठे संगणक बंद करण्याची आज्ञा सापडे. जे ठाऊक असल्याखेरीज दिसत नाही आणि दिसल्याखेरीज ठाऊक होत नाही, असे ते संकेत होते. शिवाय जुना डेस्कटॉप आणि नवा पूर्णपटल पडदा अशी दोन राज्ये एकाच संगणकावर नांदत होती. इंटरनेट एक्सप्लोररची रूपे दोन होती आणि मांडणी बदलण्याच्या जागाही दोन होत्या. उपयोगसुलभतेचे अभ्यासक याकोब नीलसन ह्यांनी २०१२ मध्येच ह्या द्वैतावर आणि दडलेल्या आज्ञांवर बोट ठेवले होते.

कंपनीचे समर्थन असे होते की, वापराच्या आकडेवारीनुसार स्टार्ट मेनूचा उपयोग कमी होत चालला होता. लोक नेहमीची साधने टास्कबारवर आणून ठेवीत. हे निरीक्षण खोटे मानण्याचे कारण नाही. अनुमान मात्र सदोष आहे. चिन्हाची वारंवारता आणि व्यवस्थेतील त्याचा कार्यभार ह्या दोन भिन्न गोष्टी होत. मराठीत ‘ळ’ हा वर्ण ‘ल’पेक्षा कमी वेळा येतो, म्हणून तो गाळावयाचे ठरविले, तर ‘काळ’ आणि ‘काल’, ‘वेळ’ आणि ‘वेल’ ह्यांतील भेद लुप्त होईल. स्टार्ट बटणाचा कार्यभारही असाच होता. ते नित्य वापरले जात नसेल. परंतु वाट चुकलेल्याने परतावयाचे ठिकाण तेच होते.

‘लोक प्रत्येक बदलाला विरोध करतातच’ असा युक्तिवाद येथे केला जातो. मराठी लेखनाचा इतिहास ह्याहून सूक्ष्म उत्तर देतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी व्युत्पत्तीने सिद्ध, पण अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्यावर वाद झाले, तरी तो बदल रुजला. कारण जे मुखातून आधीच गेले होते, तेच लेखणीतून गेले. विंडोज ८ च्या कर्त्यांना स्टार्ट बटण हा असाच अनुच्चारित अनुस्वार वाटला. प्रत्यक्षात तो ‘ळ’ होता.

पुढील घटनाक्रम ह्या निदानास पुष्टी देतो. १७ ऑक्टोबर २०१३ च्या विंडोज ८.१ मध्ये बटण परतले. पण ते दाबल्यावर तोच पूर्णपटल पडदा उघडत असल्याने तक्रार शमली नाही. चिन्ह परत आले होते, त्याचा अर्थ आला नव्हता. २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १० ने मेनू पुन्हा दिला आणि चौकटी त्यातच सामावून घेतल्या. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये चौकटी गेल्या. बटण मध्याकडे सरकले, परंतु ते दृष्टीआड झाले नाही.

तात्पर्य, विंडोज ८ चे अपयश नावीन्याचे नव्हे, तर मोजणीलाच आकलन समजण्याचे अपयश आहे. किती जण एखादे चिन्ह वापरतात, हे आकडे सांगतात. त्या चिन्हावाचून कोणाचे काय अडेल, हे मात्र व्यवस्थेचा समग्र अभ्यासच सांगू शकतो. भाषेची शुद्धी, लिपीची सुधारणा किंवा परिभाषेची घडण हाती घेणाऱ्यांनी हा भेद विसरणे परवडणारे नाही.