'स्वप्रकाशित' : एका शेऱ्याची मर्यादा

विकिपीडियासारख्या सहलेखित कोशात लेखकाने स्वतःच छापलेला आधार दिसला, की त्यापुढे 'स्वप्रकाशित स्रोत' असा शेरा पडतो. दावा करणारा आणि छापणारा एकच असेल तर मधली तपासणी गळते, हे तत्त्व मान्यच आहे. प्रश्न मराठी ग्रंथव्यवहाराचा आहे. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) स्वतःच प्रसिद्ध केली. 'शेतकऱ्याचा असूड'ची दोन प्रकरणे छापून 'दीनबंधु'ने पुढील छपाई थांबवली. प्रकाशन ही येथे तपासणीची जागा होती, तशी नकाराचीही. मान्य अभ्यासकाच्या स्वप्रकाशित लेखनाला इंग्रजी विकिपीडियाचे धोरण सवलत देते खरे. पण ती मान्यताही त्याच्या पूर्वीच्या संस्थात्मक प्रकाशनावरूनच ठरते!

नांदेड–हिंगोली रस्त्यावरील वारंगा फाट्यासारख्या ठिकाणाची नोंद लिहिणाऱ्यास जनगणना आणि गॅझेटियर यांपलीकडे बहुधा स्मरणिका, स्थळमाहात्म्याच्या पुस्तिकाच हाती लागणार. त्या सरसकट ग्राह्य धराव्यात काय? मुळीच नाही. नामदेवांचे जन्मस्थान याच जिल्ह्यातील नरसी की पंढरपूर, हा वाद पुस्तिकेने मिटत नाही. मात्र नामांकित प्रकाशकाने तेच विधान पुराव्याविना पुन्हा छापले तरी त्याचे वजन वाढत नाही, आणि तेथे शेरा पडत नाही. (कोशातील मजकूर पुस्तिकेत उतरून पुन्हा कोशाचाच आधार बनतो, ते दुखणे आणखी वेगळे.) यंदाच्या यात्रेसाठी स्मरणिका साक्षीदार आहे, तेराव्या शतकातील जन्मासाठी ती केवळ परंपरेची नोंद. तेव्हा शेरा मारणाऱ्याने कोणत्या विधानासाठी आधार अपुरा, हे चर्चापानावर नोंदवावयास हवे. 'छापले कोणी' याच्या आधी 'कळले कसे' हे विचारावयास हवे.