तक्ता भरला, अभ्यासक्रम राहिला

अभियांत्रिकी महाविद्यालयात मानांकन समितीची तारीख जवळ आली की प्राध्यापकांच्या खोलीत सीओ-पीओ तक्त्यांची धांदल सुरू होते. डावीकडे विषयाच्या पाच-सहा निष्पत्ती (सीओ), वर पदवीच्या निष्पत्ती (पीओ), आणि चौकटींत दोन्हींचा संबंध किती घट्ट हे सांगणारे १, २, ३ किंवा नुसती रेघ. ‘विद्यार्थी परिपथाचे विश्लेषण करेल’ या ओळीत ‘समस्या-विश्लेषण’ या रकान्याखाली ३ पडतो. प्रश्नपत्रिका उघडून पाहिली तर तिथे मात्र व्याख्या लिहा, फरक स्पष्ट करा, टीपा लिहा. विश्लेषण राहते ते तक्त्यात.

अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला आणि निष्पत्ती आधी लिहिण्याच्या या पद्धतीने आपल्याकडे जोर धरला. तिचे मूळ बरेच जुने आहे. शिकागोच्या राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये अभ्यासक्रम आखणाऱ्यापुढे चार प्रश्न ठेवले: काय साधायचे, त्यासाठी कोणते अनुभव द्यायचे, त्यांची मांडणी कशी करायची आणि ते साधले हे कसे ओळखायचे. टायलर यांचे शिष्य बेंजामिन ब्लूम यांचे शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण १९५६ चे. पुढच्याच वर्षी ब्लूम परीक्षा सुधारणेच्या कामासाठी भारतात आले. आपल्या शिक्षकांना बी.एड.पासून पाठ असलेली ‘उद्दिष्टे व स्पष्टीकरणे’ आणि प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ता, या दोन्हींवर त्या विचारांचा ठसा आहे. म्हणजे ही मांडणी आपल्याला नवी नाही. साठ वर्षांहून अधिक काळ आपण ती लिहीत आलो आहोत.

विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी आणि मूल्यमापन ही आज सर्वत्र शिकवली जाणारी अध्यापन-आखणीची पंचसूत्री १९७५ च्या सुमारास फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकी सैन्यासाठी आकाराला आली. सैनिकाने नेमके कोणते काम करायचे हे तिथे आधीच ठरलेले असते. कविता शिकवताना किंवा समाजशास्त्र शिकवताना तसे नसते, आणि या फरकाची चर्चा आपल्या प्रशिक्षणवर्गांत फारशी होत नाही.

त्यापेक्षा मोठी हानी दुसरीकडे झाली आहे. वॉल्टर डिक आणि लू कॅरी यांच्या १९७८ च्या पुस्तकात आराखड्याइतकेच महत्त्व चाचणीला आहे. तयार केलेला पाठ आधी एकेका विद्यार्थ्यासोबत बसून तपासायचा, मग छोट्या गटावर, मग प्रत्यक्ष परिस्थितीत. विद्यार्थी कुठे थांबला, कोणते उदाहरण त्याला कळले नाही, कोणती सूचना त्याने दोनदा वाचली, हे टिपून पाठ बदलायचा. माझ्या मते या साऱ्या शास्त्राचा प्राण इथे आहे, आणि आपण नेमके हेच सोडून दिले. मानांकनाच्या निकषांत सातत्यपूर्ण सुधारणेची अट आहे, पण तिच्यापुढे ‘जादा तास घेतले’ असे लिहिले की भागते.

अध्ययन-सिद्धांतांचेही असेच झाले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपले ज्ञान स्वतः रचते हा विचार, जिल्हा परिषदेच्या शाळांत पोचला. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधले वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. फरशीवरच्या रंगीत आकृत्या झपाट्याने पसरल्या. मूल कुठे अडले हे पाहून त्याला पुढचे काम देण्याची सवय मात्र तितक्या वेगाने पसरली नाही. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये बजावले होते की नवख्या विद्यार्थ्याला मार्गदर्शनाविना सोडले तर त्याच्या कार्यस्मृतीवर ताण पडतो आणि शिकणे कमी होते. हा इशारा आपल्या कार्यशाळांत ऐकू यायला हवा होता.

याउलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे कोसबाडला नेले. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून कुरणशाळा निघाली. शाळाच मुलांमागे रानात गेली. शिकणाऱ्याचे विश्लेषण म्हणतात ते हेच. ते करायला त्यांना कोणताही तक्ता लागला नव्हता.

म्हणून मानांकन समित्यांना आणि विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना विनंती आहे: प्रत्येक विषयाच्या शिक्षकाला एकच प्रश्न विचारा. मागच्या तुकडीला काय समजले नाही आणि त्यामुळे यंदा तुम्ही नेमके काय बदलले? उत्तर अर्ध्या पानात मागा, आणि ते खरे असेल तर सीओ-पीओ तक्ता मागू नका.