पाठमोरे तिघे

व्हिएन्नात हाती दोनच दिवस होते. पहिला राजवाड्यांत आणि ट्राममध्ये गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये पीटर ब्रॉयगेलच्या 'बर्फातले शिकारी' या चित्रासमोर जाऊन बसलो, तो दुपारपर्यंत उठलो नाही.

चित्र १५६५ सालचं, लाकडी फळीवर तैलरंगात केलेलं. डाव्या बाजूने तीन शिकारी टेकडीच्या कडेपाशी आलेत, आपल्याकडे पाठ करून. एकाचाही चेहरा दिसत नाही. दमणूक कळते ती पाठीच्या बाकातून आणि बर्फात रुतणाऱ्या पावलांतून. एकाच्या खांद्यावरच्या भाल्याला एकुलता एक कोल्हा लटकलाय. सगळी मिळकत एवढीच. मागून येणाऱ्या कुत्र्यांच्या मानाही खाली गेल्या आहेत. शेजारी सराईपुढे डुकराचे केस जाळायला जाळ पेटवलाय आणि सराईची पाटी एका कडीवरून निसटून तिरकी लोंबतेय. चित्रातली खरी ऊब त्या जाळापाशीच आहे. शिकारी मात्र तिथे थांबत नाहीत.

पुढे निष्पर्ण झाडांची रांग उतारावर लहान लहान होत जाते आणि आपली नजर तिच्या आधाराने खाली उतरते. मधल्या मोकळ्या जागेत एक पक्षी पंख पसरून निघालाय. तो झाकून पाहावा, म्हणजे दरीची सगळी खोली त्या एका पक्ष्याने किती तोलून धरली आहे ते कळतं.

खाली गोठलेली तळी. बर्फाला जो हिरवट राखाडी रंग, तोच वर आकाशाला. ऊन नाही, सावल्या नाहीत. थंडी अंगावर येते ती या एका रंगामुळे. त्यावर मुंगीएवढी माणसं घसरतात, पडतात, खेळतात. पाणचक्कीचं चाक गोठलंय. पुलावरून एक बाई मोळी घेऊन चाललीय. पार लांब एका घराच्या धुराड्याने पेट घेतलाय, माणसं धावताहेत, आणि तळ्यावरच्या खेळात खंड नाही. मागचे सुळके फ्लँडर्सच्या सपाट मुलखातले नव्हेतच. इटलीला जाता-येता पाहिलेले आल्प्स ब्रॉयगेलने इथे आणून बसवलेत.

या चित्राला हिवाळ्याच्या मौजेचं चित्र म्हणतात, ते मला पटत नाही. मौज खाली आहे, शीण वर आहे, आणि दोहोंमधलं अंतर हा चित्राचा प्राण आहे. माना खाली घातलेल्या त्या तिघांना दरी दिसत असेलसं वाटत नाही. त्यांच्या एक पाऊल मागे उभं करून चित्रकाराने ती आपल्याला दाखवली. आणि उरलेली वाटही आपल्याच पायांत उतरली.

हे चित्र ब्रॉयगेलच्या ऋतूंवरच्या मालिकेतलं. अँटवर्पचे व्यापारी निक्लास योंगेलिंक यांच्याकडे ही ऋतुमालिका होती. आपल्याकडच्या बारमासा चित्रांत महिन्यागणिक नायिकेचं मन पालटतं, इथे माणसांची कामं पालटतात. मालिकेतली सहा चित्रं धरली जातात, उरलीत पाच: तीन व्हिएन्नात, एक प्रागमध्ये, एक न्यूयॉर्कमध्ये. हरवलं आहे ते वसंताचं.