मेड इन यूएसए सल्ला

‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा जुना विनोद आमच्या कल्याण-कर्जत पट्ट्यात सगळ्यांना पाठ आहे. पहिलं पुस्तक कसं छापून आणावं हे मोबाइलवर शोधायला बसलं की तो उलटा होतो. समोर येणारा सल्ला खरोखरच अमेरिकेतला असतो, आणि उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापुरात बसून मराठीत लिहिणाऱ्याच्या तो फारसा कामाचा नसतो.

तो वाईट असतो असं नाही. एजंटला पत्र कसं लिहावं, ॲडव्हान्स म्हणजे काय, हे सगळं उदाहरणांसह नीट सांगितलेलं असतं. पण मराठीत एजंट ही पायरीच जवळपास नाही. लेखक हस्तलिखित थेट प्रकाशकाकडे पाठवतो आणि वाट बघतो. म्हणजे आपल्या हाती दुसऱ्याच व्हर्जनचं डॉक्युमेंटेशन पडतं. त्यातलं प्रत्येक वाक्य बरोबर, फक्त आपल्याकडे काही चालत नाही.

मराठी सल्ल्याची अडचण वेगळी. ‘भरपूर वाचा, मनापासून लिहा, खचू नका’ यापुढे गाडी सरकत नाही. करार, रॉयल्टी, छापायच्या प्रती याबद्दल चकार शब्द नाही. लेखकाने पैशाचं बोलणं आपल्याकडे अजून बरं दिसत नाही. हा संकोच महाग पडतो, कारण कोणी बोलत नाही तिथे पॅकेज विकणारे बोलतात. मला आलेल्या एका पॅकेजच्या यादीत ‘आयएसबीएन’ ही पैसे घेऊन दिली जाणारी सेवा होती. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून मोफत मिळतो, स्वतःचं पुस्तक स्वतः छापणाऱ्यालाही. अमेरिकेत तो विकत घ्यावा लागतो. त्यामुळे तिकडचंच वाचलेल्याला या यादीत काही खटकतही नाही.

अमेरिकी सल्ल्यातली एक गोष्ट मात्र इथेही लागू पडते. जेम्स मॅकडोनाल्ड या लेखकाने सांगितलेला नियम असा, की पैसा लेखकाकडे यायला हवा, लेखकाकडून जायला नको. स्वतःच्या खर्चाने छापणं गैर नाही, पण मग प्रकाशक तुम्हीच; प्रती तुमच्या, हक्कही तुमचे. खर्च लेखकाचा आणि हक्क दुसऱ्याचे, हा व्यवहार संशयास्पदच. मराठीत दुसरा मार्ग नव्हता असंही नाही. सत्तरच्या दशकात ‘ग्रंथाली’ वाचक चळवळ म्हणून उभी राहिली आणि तिने वाचकांनाच सभासद करून घेतलं. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली तिथूनच आलं.

नवशिक्याला लागणारी माहिती मुळात गुप्त नाहीच, ती फक्त कंटाळवाण्या कागदांत आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ म्हणतं की हक्क देण्याचा करार लेखी आणि सही केलेला हवा. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देतं. या दोन गोष्टी माझ्या दृष्टीने प्रेरणेच्या शंभर रील्सपेक्षा मोलाच्या आहेत.

आणि प्रकाशक पारखायचा असेल तर त्याच्या जाहिरातीऐवजी त्याची पुस्तकं बघावीत. बदलापूरचं ग्रंथसखा वाचनालय यासाठी लांब नाही. तिथे किंवा जवळच्या कुठल्याही ग्रंथालयात त्या प्रकाशकाची चार पुस्तकं हातात घ्या. मुद्रितं कोणी वाचलीत का, बांधणी टिकलीय का, दुसरी आवृत्ती निघाली का, कॉपीराइट कोणाच्या नावावर आहे, हे बघा. मग प्रकाशकाला फोन करून तीन प्रश्न विचारा: प्रती किती, रॉयल्टी किती टक्के, हक्क किती वर्षांसाठी? जो या प्रश्नांवर रागावतो, त्याच्याकडे हस्तलिखित पाठवू नये.