गळतीची किंमत: ५६४ युनिट नेमके कुठं वाचतात?

एमएस्सी झाल्यावर पीएचडीला प्रवेश मिळेपर्यंत मी काही महिने ऊर्जा लेखापरीक्षण करणाऱ्या एका गटाबरोबर काम केलं. एका छोट्या कारखान्यात आम्ही कॉम्प्रेसरच्या हवेची गळती मोजली, बचतीचा आकडा काढला आणि रिपोर्ट देऊन मोकळे झालो. तिथल्या फिटरकाकांनी दोन रविवार घालवून कपलिंग बदलली, चिरलेल्या नळ्या काढल्या, ड्रेन व्हॉल्व्ह दुरुस्त केले. त्यानंतर कॉम्प्रेसरचा वीजवापर कमी झाला, पण आम्ही सांगितलं होतं त्याच्या निम्म्याच्या आसपासच. मॅनेजरसाहेबांनी सरळ निष्कर्ष काढला की काकांनी काम अर्धवट केलंय.

आम्ही परत जाऊन तीच चाचणी घेतली. गळती खरोखरच थांबली होती. काका एवढंच म्हणाले, "सर, शिट्टी वाजायची बंद झाली होती. मला तेवढंच कळतं." चूक आमच्या गणितात होती आणि बोलणी त्यांना बसली होती.

ते गणित आम्ही मनानं रचलेलं नव्हतं. सगळे जिथून घेतात तिथूनच घेतलं होतं. म्हणून आज त्या गणिताचीच चिकित्सा करू या.

ऊर्जा लेखापालांच्या परीक्षेसाठी ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचा पुस्तकसंच आहे. त्यातल्या तिसऱ्या, विद्युत उपकरणांवरच्या पुस्तकात कॉम्प्रेस्ड एअरचं प्रकरण आहे आणि त्यात गळतीचं एक सोडवलेलं उदाहरण आहे. कॉम्प्रेसरची क्षमता मिनिटाला ३५ घनमीटर. लोडवर तो १८८ किलोवॉट घेतो, अनलोडवर ५४. कारखान्यात हवा वापरणारं सगळं बंद ठेवून कॉम्प्रेसर चालू केला, तर तो सरासरी १.५ मिनिट लोडवर आणि १०.५ मिनिटं अनलोडवर राहतो.

यातला पहिला भाग मला मनापासून आवडतो. हवा कोणीच वापरत नाही, तरी कॉम्प्रेसर १२ पैकी १.५ मिनिट हवा भरतोय. म्हणजे क्षमतेचा आठवा हिस्सा, मिनिटाला ४.३७५ घनमीटर, गळतोय. यासाठी फ्लोमीटर लागत नाही, घड्याळ पुरतं. दिवसाला ६,३०० घनमीटर. इतक्या साध्या उपकरणातून इतकी उपयोगी माहिती देणाऱ्या चाचण्या फार थोड्या असतात.

अडचण पुढच्या पायरीवर आहे. उदाहरण १८८ किलोवॉटला तासाच्या २,१०० घनमीटरने भागतं. एका घनमीटरला सुमारे ०.०८९५ युनिट वीज. त्याला ६,३०० ने गुणलं की दिवसाला सुमारे ५६४ युनिट. गळतीमुळे वाया जाणारी वीज म्हणून हाच आकडा पुढे येतो.

आता एक गोष्ट बघा. अनलोडचे ५४ किलोवॉट माहितीत दिलेत, पण उत्तरात कुठंच वापरलेले नाहीत. गणितात दिलेली एखादी राशी शेवटपर्यंत लागलीच नाही, तर दहावीतसुद्धा आपल्याला शंका यायची. इथं ती यायलाच हवी.

अनलोड म्हणजे कॉम्प्रेसर बंद नव्हे. हवा आत घेणारा व्हॉल्व्ह मिटतो, पण मोटर फिरत राहते, आतले भाग फिरत राहतात. त्यामुळे चाचणीच्या वेळचा सरासरी वीजवापर असा निघतो: १.५ मिनिट १८८ आणि १०.५ मिनिटं ५४, म्हणजे सरासरी ७०.७५ किलोवॉट. समजा सगळी गळती बुजवली. कॉम्प्रेसर चालूच राहिला तर तो सतत अनलोडवर ५४ किलोवॉट घेईल. बचत १६.७५ किलोवॉट, दिवसाला ४०२ युनिट.

५६४ आणि ४०२. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा ४० टक्क्यांनी मोठा आहे. रोजचा फरक १६२ युनिट. वर्षाला ३०० दिवस आणि युनिटला ८ रुपये धरले, तर कागदावर दिसणारे पण कधीच हातात न येणारे जवळजवळ ३ लाख ८९ हजार रुपये. कोणीतरी त्या भरवशावर खर्च मंजूर करतो, आणि मग काकांसारख्या कोणाला तरी जाब द्यावा लागतो.

असं का होतं? आपण सरासरी खर्च काढला, पण प्रश्न सीमांत खर्चाचा होता. एसटीत ४० माणसं बसलीत आणि पाच उतरली, तर डिझेल आठव्या हिश्शानं कमी लागतं का? नाही. गाडी तर जाणारच आहे. माणशी डिझेलचा आकडा हिशेबापुरता खरा असतो, पण पाच माणसं उतरल्यानं काय वाचलं ते तो सांगत नाही.

मग ५६४ हा आकडा चुकीचाच का? तसंही म्हणता येणार नाही, आणि इथंच विषय खरा रंगतो. वीजवापर हवेच्या प्रमाणात कमी होत असेल, तर ५६४ बरोबर आहे. व्हेरिएबल स्पीडचा कॉम्प्रेसर त्याच्या ठरलेल्या टप्प्यात बराचसा असा वागतो. उलट जुन्या पद्धतीचा, इनलेट व्हॉल्व्ह थोडाथोडा मिटवून नियंत्रण करणारा कॉम्प्रेसर असेल, तर हवा कमी झाली तरी वीज फारशी कमी होत नाही आणि बचत ४०२ पेक्षाही खूप खाली येते. आमच्या कारखान्यात तिसराच प्रकार होता. रिसीव्हर लहान, त्यामुळे कॉम्प्रेसर भराभर लोड-अनलोड व्हायचा. ऑइल इंजेक्टेड स्क्रू कॉम्प्रेसरमध्ये अनलोड झाल्यावर आतला दाब हळूहळू उतरतो. तो पुरता उतरायच्या आत पुन्हा लोड आला, तर वीज अनलोडच्या किमान पातळीपर्यंत पोचतच नाही. आम्ही तर तीही बघितली नव्हती.

आणखी एक बाजू. चाचणीच्या वेळी कारखाना बंद होता. अशा वेळी कॉम्प्रेसरच बंद केला तर? पूर्ण ७०.७५ किलोवॉट वाचतात, दिवसभरात १,६९८ युनिट. ज्या दिवशी हवेची गरज नाही, त्या दिवशी नट आवळण्यापेक्षा स्विच बंद करणं जास्त फायद्याचं आहे. दोन कॉम्प्रेसर चालू असतील आणि गळती थांबवल्यामुळे त्यातला एक बंद करता आला, तरी बचत हवेच्या हिशेबापेक्षा मोठी होऊ शकते, कारण त्याचा अनलोडचा खर्चही जातो.

छिद्राच्या व्यासावरून किंमत सांगणारे तक्ते तुम्ही पाहिले असतील. त्यांच्यावर थोडक्यात बोलतो. साधारण १ बारच्या वर गेज दाब असला की छिद्रातला वेग ध्वनीच्या वेगाला टेकतो आणि प्रवाह छिद्राच्या क्षेत्रफळावर व आतल्या निरपेक्ष दाबावर ठरतो. ७ बारला ३ मिलिमीटरच्या आदर्श छिद्रातून मिनिटाला सुमारे ०.६७ घनमीटर हवा जाते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं पत्रक अशा आकड्यांना गोलाईदार छिद्रासाठी ०.९७ नं आणि धारदार कडेच्या छिद्रासाठी ०.६१ नं गुणायला सांगतं. रिपोर्टमध्ये तक्ता उतरतो, गुणक मात्र मागे राहतो. शिवाय प्रत्यक्षातली गळती आट्यांतून, झिजलेल्या ओ-रिंगमधून होते, तिला व्यास कुठला? १.५ मिलिमीटरला अंदाजानं २ म्हटलं, तरी प्रवाह १.७८ पट होतो. वर पुन्हा सरासरी खर्चाचा गुणाकार. एकावर एक चढलेले अंदाज, आणि शेवटी पैशांत एकच ठाम आकडा.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना यातून मी तीन सवयी सुचवीन. एक, दिलेली पण न वापरलेली राशी शोधा. दोन, "किती वाया जातंय" आणि "थांबवलं तर किती वाचेल" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, उत्तरं वेगळ्या ओळींत लिहा. तीन, हवेवर नाही तर थेट कॉम्प्रेसरच्या वीजमीटरवर, दुरुस्तीच्या आधी आणि नंतर, सारख्याच उत्पादनाच्या दिवशी नोंदी घ्या. आमच्याकडे आधीच्या अशा नोंदी असत्या, तर काकांवर शंका घ्यायची वेळच आली नसती. सुधारित रिपोर्टमध्ये आम्ही चूक आमची असल्याचं स्पष्ट लिहिलं, पण तो दोन महिने उशिरा पोचला.

आता वही काढा आणि हेच उदाहरण तिसऱ्यांदा सोडवा. कॉम्प्रेसर इनलेट मिटवून नियंत्रण करणारा समजा, शून्य हवेलाही तो पूर्ण लोडच्या ७० टक्के वीज घेतो असं धरा, आणि मधे सरळ रेषा ओढा. माझं उत्तर दिवसाला सुमारे १६९ युनिट आलंय. तुमचं तेवढंच आलं, की ५६४ शेजारी ठेवून बघा.